राणीछाप रुपयावरील गोंद : काढणी आणि पारख

व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेल्या चांदीच्या रुपयाला मराठीत ‘राणीछाप’ म्हणतात. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के, उरलेले तांबे. असे रुपये पुठ्ठ्यावर किंवा फ्रेमीत चिकटवताना राणीचा चेहरा वर ठेवला जातो, त्यामुळे गोंद बहुधा मागच्या बाजूला लागतो. साल मात्र त्याच बाजूला असते. ‘१८६२’ हे साल पुढची कित्येक वर्षे तसेच छापले जात होते आणि त्या रुपयांचे प्रकार संग्राहक सालाजवळच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखतात. हे ठिपके गोंदाखाली बुजतात. ब्लेडने खरवडल्यास कायमचे जातात.

उपाय गोंदाच्या जातीवर ठरतो. खळ, डिंक आणि सुतारकामाचा पांढरा गोंद कोमट पाण्यात फुगून सुटतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. क्षणात चिकटणारा गोंद आणि चिकटपट्टीचा चिकटा यांना शुद्ध ॲसिटोन लागते. झाकणाच्या काचेच्या बरणीत नाणे रात्रभर बुडवून ठेवतात. ॲसिटोनचा चांदीवर परिणाम होत नाही. नेलपॉलिश काढायच्या द्रवात मात्र रंग, सुगंध, तेल असे बरेच काही असते, म्हणून तो टाळावा. ॲसिटोन चटकन पेट घेते. शेगडी आणि देवघरातला दिवा दोन्ही दूर हवेत. शेवटची बुडी नव्या द्रवात द्यावी, नाहीतर विरघळलेला गोंद पातळ थर होऊन पुन्हा बसतो. मग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने धुऊन सुती कापडावर नुसते टिपायचे. एपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा गोंद, सर्वांत चिवट; तो मऊ पडला तर नशीब.

गोंद निघाल्यावर तिथे बहुधा लख्ख डाग दिसतो. त्या भागाला हवा लागलेली नसते, बाकीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळपट थर चढलेला असतो. सगळे एकसारखे करायच्या नादात चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट हाती घेतली जाते आणि खरे नुकसान तिथे होते, गोंदाने नव्हे. दोन छटांचे नाणे जाणकाराला खपते, घासलेले खपत नाही.

पारख करताना आधी वजन, मग विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत नाणे किती पट जड) पाहतात, ते १०.३ च्या आसपास यायला हवे. पुढे एकाच दिव्याखाली नाणे तिरपे फिरवून केसासारखे ओरखडे शोधतात. दर्जा ठरवणाऱ्या संस्था घासलेल्या नाण्याला ७० गुणांच्या श्रेणीतला आकडा सहसा देत नाहीत, फक्त ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. सामान्य सालाचा असा रुपया जवळपास चांदीच्या भावाने जातो. दुर्मिळ सालाला तरीही गिऱ्हाईक मिळते.

काठ शेवटी, पण नीट पाहावा. दागिन्यात ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा टाका, म्हणजे धातूचा जोड, तिथे सापडतो आणि गोंदाचा थर कधी कधी नेमका त्याच्यावरच असतो. टाका ॲसिटोनने निघत नाही.