गायकाचा आवाज आणि कानातलं मॉनिटर: कार्यक्रमाआधी एकदा वाचाच

नमस्कार मंडळी. आपल्याकडून साउंड घेणाऱ्या ऑर्केस्ट्रा, भावगीत आणि लावणीच्या ग्रुपसाठी हे लिहितोय, कारण आता बरेच गायक इन-इअर (स्टेजवर स्वतःचं गाणं ऐकायला कानात घालायचा इअरफोन) मागतात आणि साउंड चेकला वेळ मात्र जेमतेम मिळतो, मग पहिली दोन गाणी खाणाखुणा करण्यातच जातात.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, तुमच्या कानातला आवाज आणि हॉलमधला आवाज हे दोन वेगळे रस्ते आहेत. माइक मिक्सरला येतो, तिथून एक वाट स्पीकरला आणि दुसरी तुमच्या कानाला. कानाची वाट आम्ही प्री-फेडर ठेवतो, म्हणजे बाहेरचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर-खाली केला तरी तुमच्या कानात काही हलत नाही. त्यामुळे स्टेजवरून नुसतं "आवाज वाढवा" म्हणू नका, कानात की बाहेर ते सांगा.

पण गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते, दोन्ही वाटांना एकच असतो. म्हणून साउंड चेकला "हॅलो हॅलो" करून उपयोग नाही, तुमच्या यादीतल्या सगळ्यात चढ्या गाण्याची वरची ओळ पूर्ण ताकदीनं गा. गेन आम्ही असा लावतो की तुमचा सगळ्यात मोठा सूरसुद्धा डिजिटल मिक्सरच्या टोकापासून (त्यापुढे आवाज फाटतो) १० डीबी, म्हणजे डेसिबल, तरी खाली राहील. चेकला अर्ध्या आवाजात गायलात आणि पब्लिक बघून पूर्ण लावलात तर गेन कमी करावा लागतो, आणि मग ज्यांच्या ज्यांच्या कानात तुमचा आवाज आहे त्या सगळ्यांचं मिक्स (कुणाचा आवाज किती, ते प्रमाण) बिघडतं.

माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबी पडतो, आणि लावणीत तर गायिकेच्या बाजूलाच ढोलकी असते, मग माइक लांब गेला की आम्ही तो वाढवतो आणि गाण्यापेक्षा ढोलकीच जास्त आत येते. जाळी मुठीत धरू नका, स्टाइल चांगली दिसते पण शुअर एसएम ५८ सारखे माइक मागचा आवाज टाळतात ते जाळीच्या मागच्या भागातून, तो झाकला की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

चढ-उतार सांभाळायला बाहेरच्या आवाजावर आम्ही कॉम्प्रेसर लावतो, ३ ला १ असा असेल तर ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेले ६ डीबी बाहेर २ च होतात. हाच कॉम्प्रेसर कानात दिला तर तुम्ही जोर लावता आणि कानात आवाज वाढतच नाही, मग अजून जोर लावता आणि मध्यंतरापर्यंत घसा बसतो. म्हणून मुख्य गायकाला आम्ही मिक्सरवर दोन चॅनल देतो, एक हॉलसाठी, एक कानासाठी. एक चॅनल जास्त जातो, पण आमच्या मते गायकासाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

आता कानातलं मिक्स. आधी स्वतःचा आवाज, मग सुराला कीबोर्ड किंवा पेटी, मग ताल, बाकीचं अगदी तळाला. स्वतःचा आवाज कमी पडला की माणूस आपोआप ओरडतो (फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी हे १९११ सालीच मांडलंय), आणि फार जास्त झाला की गाणं ढिलं पडतं, बऱ्याच जणांचा सूरही उतरतो. आवाज ऐकू येत नसेल तर आधी बाकीचं काय कमी करू ते सांगा, वाढवायचं नंतर बघू. वाढवत वाढवत गेलं की शेवटी सगळंच मोठं होतं आणि ऐकू काहीच येत नाही.

बेस गायब वाटला तर मिक्सला दोष देण्याआधी इअरटिप नीट बसलीय का बघा, थोडी फट राहिली तरी बेस निघून जातो. टिप आम्ही प्रत्येकाला वेगळी देतो, दोन-तीन साइज लावून बघा, लाजू नका.

आणि कृपया एक कान काढून गाऊ नका! टाळ्या ऐकू येत नाहीत म्हणून बरेच जण काढतात, मग उघड्या कानात ढोलकी आणि हॉलचा मागून येणारा आवाज शिरतो, म्हणून दुसरा कान वाढवला जातो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब आहे, ८५ डीबीला रोज ८ तास, पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. तुमचा कार्यक्रम तीन तासांचा. टाळ्यांसाठी आम्ही स्टेजच्या कडेला दोन माइक पब्लिककडे तोंड करून लावतो आणि ते थोडे कानात देतो, फक्त मागा. कार्यक्रमानंतर कान वाजत असतील तर पुढच्या वेळी नक्की सांगा, आम्ही लिमिटर (कानातला आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) अजून खाली घेऊ.

बसून गाणाऱ्यांनी वायरवाला बेल्टपॅक (इअरफोन लावायची कमरेवरची डबी) घ्यावा असा आमचा आग्रह आहे, बॅटरी संपायची भीती नाही, रेंज तुटायची नाही. स्वतःचा स्वस्तातला २.४ गिगाहर्ट्‌झचा सेट आणणार असाल तर आधी कळवा, ते सेट वायफायच्याच पट्ट्यात चालतात आणि हॉल मोबाइलनी भरला की मध्येच आवाज तुटतो, शिवाय आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो, त्यामुळे स्वतःचाच आवाज पोकळ वाटतो.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: गाण्यांची यादी, कोणतं गाणं कोण गाणार, वाद्यं कोणती, कोण बसून कोण उभं, आणि कुणाकडे स्वतःचे इअरफोन आहेत. गायकांनी पडद्याच्या दोन तास आधी यावं, प्रत्येकाचं कानातलं मिक्स आम्ही नावानं सेव्ह करून ठेवतो, त्यामुळे त्याच मिक्सरवर पुढचा कार्यक्रम असला तर अर्धं काम आधीच झालेलं असतं.