शेण-खरकट्यावर घरची लाईट : बायोगॅसची टाकी सांगण्याआधी हे वाचा

सगळ्यांचा पहिला प्रश्न, "यावर अख्खं घर चालेल ना?" नुसत्या खरकट्यावर नाही चालणार, आधीच सांगतो. 25 किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो आणि त्यावर छोटा जनरेटर एक ते दीड युनिट वीज देतो, म्हणजे एक पंखा नि 9 वॅटचे चार बल्ब आठ-नऊ तास. फ्रिज, पंप विसरा. तोच गॅस शेगडीला दिलात तर चार-पाच माणसांचा दिवसाचा स्वयंपाक होतो, कारण इंजिनात चारातल्या तीन हिश्शांहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. म्हणून आमचं म्हणणं, आधी शेगडी, उरेल त्यावर लाईट.

जनरेटर कोणी घ्यावा? ज्यांच्या गोठ्यात आठ-दहा गुरं आहेत, किंवा होमस्टे, खानावळ आहे. आपली कोकणातली गाय चणीने लहान, शेण कमीच देते, ते हिशोबात धरा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, अशा वेळी दोन बल्ब नि मोबाईल चार्जिंगसुद्धा खूप असतं, हेही खरं.

टाकीत काय घालायचं यावरच सगळं अवलंबून आहे. शिळा भात, भाजीचे देठ, फणसाची चारखंडं बारीक करून चालतात. नारळाची सोडणं, करवंट्या नकोत, कुजतच नाहीत. मे महिन्यात काजूची बोंडं ढीगभर पडतात म्हणून सगळी एकदम ओतली तर टाकी आंबट होते आणि गॅस बंद, थोडी थोडी शेणात कालवून घाला. मासळीची डोकी, आतडी थोडीच, जास्त झाली की अमोनिया वाढतो. खाडीकाठच्या बावीचं पाणी खारं असेल तर ते वापरू नका, गॅस तयार करणारे जंतू मरतात, पावसाचं साठवलेलं बरं.

सुरुवातीला शेणकाला भरल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, पहिला गॅस पेटत नाही, तो मोकळ्यावर सोडून द्या आणि तेव्हा आसपास विडी-काडी नको. जनरेटरच्या आधी लोखंडी किसाचा फिल्टर हवाच, गॅसमधला सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड इंजिन खातो, पैसे वाचवायला फिल्टर काढून टाकलात तर इंजिनाची जबाबदारी आमची नाही. टाकी चिऱ्याच्या उंच ओट्यावर बसवतो, पावसाचं पाणी आत शिरायला नको. बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे कुजून उरलेला पातळ काला, माडा-पोफळीला घाला.

चौकशीला येताना गुरं किती, जेवणारी माणसं किती नि बाव गोडी की खारी, एवढं सांगा.