कॉम्प्रेस केलेला फोटो आणि कॉम्प्रेस्ड इमेजिंग

चवथीच्या माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताचा) फोटो फोंड्याहून मुंबईच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर गेला की कॉम्प्रेस होतो. त्यामुळे ‘कॉम्प्रेस्ड फ्लुओरेसन्स लाइफटाइम इमेजिंग’ हाही तसलाच प्रकार असेल, असं वाटतं. भौतिकशास्त्राची मुलंसुद्धा इथे फसतात.

जेपेगमध्ये, म्हणजे फोटो कॉम्प्रेस करायच्या नेहमीच्या पद्धतीत, आधी सगळं टिपायचं, मग टाकायचं. कॅमेरा प्रत्येक पिक्सेल मोजतो. नंतर सॉफ्टवेअर ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळतं. सुपारीच्या घडाच्या कडा जरा फिसकटतात, इतकंच. फोटो उघडतानाचं गणित ठरलेलं असतं.

दुसऱ्यात, म्हणजे कॉम्प्रेस्ड इमेजिंगमध्ये, सगळं मोजलेलंच नसतं. लेझरचा झटका दिल्यावर रंगद्रव्याचा प्रकाश किती वेगाने विझतो, हे इथे बघायचं; त्या विझण्याच्या वेळेला लाइफटाइम म्हणतात. फ्लुओरेसीन या रंगद्रव्याचा लाइफटाइम सुमारे ४ नॅनोसेकंद, पाण्यातल्या ऱ्होडामिन-बीचा पावणेदोनच्या आसपास. एकेक बिंदू मोजत बसलं तर जिवंत पेशी काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून सूक्ष्म आरशांनी दर वेळी वेगळे बिंदू निवडून त्यांच्या प्रकाशाची बेरीज एकाच डिटेक्टरवर नोंदवतात. पिक्सेल हजारो, बेरजा त्याहून कितीतरी कमी. अशा समीकरणांना असंख्य उत्तरं बसतात. त्यातलं एक निवडायला ‘चित्र बहुतेक ठिकाणी सपाट असतं’ असं काहीतरी गृहीत धरावं लागतं. हे कधी जमतं, त्याचं गणित गणितज्ञ कांदेस, रॉम्बर्ग, टाओ आणि डोनोहो यांनी २००६ च्या सुमारास मांडलं.

अल्गोरिदम सुधारण्याचा खटाटोप याच निवडीसाठी. सपाटपणाचा आग्रह फार धरला की एका द्रव्याचा बारीक भाग शेजारच्या दुसऱ्या द्रव्यात विरघळतो, दोघांचा प्रकाश मिसळतो आणि कडेवर अडीच-तीन नॅनोसेकंद उमटतात. तेवढ्या लाइफटाइमचं द्रव्य स्लाइडवर नसतंच! जेपेगची फिसकट दिसते तरी. ही चूक नीटनेटकी दिसते, म्हणून जास्त घातक. त्यात उशिरा येणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजकेच. साधी लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची) पद्धत प्रत्येक मोजणीतला गोंगाट सारखाच धरते, फोटॉनच्या मोजणीत मात्र तो संख्येगणिक बदलतो. तिथे पॉइसाँ वितरण (अशा मोजणीतल्या गोंगाटाचा नियम) धरूनच गणित मांडलेलं बरं.

नव्या अल्गोरिदमचं चित्र किती सुबक आलं, याचं मला फारसं कौतुक नाही. फ्लुओरेसीन आणि ऱ्होडामिन-बी ही दोन द्रव्यं शेजारी ठेवून कडेवर कोणता आकडा येतो, ते आधी दाखवा.