लाल हवा असेल तर स्फटिक बदला

वडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या बहिणीकडे यंदा दोन फुटी फिश टँक आला आणि भाचीने हौसेने त्यात दहा निऑन टेट्रा सोडले. दुकानात हे मासे बघताच आवडावेत असे होते: अंगावर लांब निळी पट्टी आणि तिच्याखाली पोटापासून शेपटीपर्यंत कुंकवासारखा लाल. घरी आणून टँकवरचा लाइट लावला, तर निळी पट्टी झगझगीत आणि लाल मात्र विटकरी, मळकट. "मामा, मासे आजारी पडलेत का रे?" असा रात्री साडेनऊला फोन. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, लाइट उपर लाल जिलेटिन चोंटाडी दो ने, मस्त लागशे." म्हणजे लाइटवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवा, छान दिसेल. तेही करून पाहिलं. टँक अंधारला, पाणवनस्पती काळ्या दिसायला लागल्या आणि मासे होते तसेच राहिले.

मासे ठणठणीत होते. लाल वस्तू लाल दिसायची तर तिच्यावर लाल प्रकाश पडावा लागतो, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. मग प्रश्न उरतो तो असा की, त्या पांढऱ्या प्रकाशात लाल होता तरी किती?

हे घरी बघता येतं. एक जुनी सीडी घ्या, खोलीत अंधार करा आणि लाइटचं प्रतिबिंब सीडीवर तिरकं पाडा. पिवळ्या बल्बचा पट्टा जांभळ्यापासून लालपर्यंत सलग दिसतो. पांढऱ्या एलईडीचा तसा नसतो. सुरुवातीला निळ्याची एक टोकदार, प्रखर रेघ, तिच्या पुढे आकाशी रंगाच्या जागी खळगा, मग हिरव्या-पिवळ्याचा रुंद पट्टा, आणि तो लालकडे जाता जाता विरत जातो. स्वस्तातल्या 'कूल व्हाइट' एलईडीत गडद लाल जवळजवळ नसतोच.

असं का, याचं उत्तर एलईडी बंद असताना त्याच्या अंगावरच दिसतं. बंद असलेला पांढरा एलईडी जवळून पाहा. तो पिवळा असतो, लिंबाच्या सालीसारखा. आतला स्फटिक निळा प्रकाश देतो, साधारण 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याच्यावर यिट्रियम, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या गार्नेट नावाच्या स्फटिकाची पूड पसरलेली असते आणि तिच्यात थोडं सेरियम असतं. काही निळा प्रकाश पूड गिळते आणि पिवळा सोडते, उरलेला निळा तसाच बाहेर येतो. निळा अधिक पिवळा, म्हणजे डोळ्याला पांढरा. आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो, तो पिवळी शाल पांघरलेला निळा एलईडी असतो.

आता मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट. एलईडीचा रंग हा रंगवलेला रंग नाही, ती एक उंची आहे. जुन्या वाड्याच्या माळ्यावर इलेक्ट्रॉन आहेत आणि खाली अंगणात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा, अशी कल्पना करा. या रिकाम्या जागांना 'होल' म्हणतात. स्फटिकाच्या एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल, आणि मधल्या जोडावर इलेक्ट्रॉन खाली उडी घेतो. उडीत सुटलेली ऊर्जा प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन होऊन बाहेर पडते. माळा किती उंच हे त्या स्फटिकातल्या अणूंनी ठरवलेलं असतं. म्हणून फोटॉनची ऊर्जाही ठरलेली, आणि फोटॉनची ऊर्जा म्हणजेच त्याचा रंग.

हिशोब सोपा आहे. 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या चिमुकल्या एककात येते. 450 च्या निळ्याला 2.76, 660 च्या गडद लालला 1.88. आणि तेवढी ऊर्जा देण्यासाठी एलईडीच्या दोन टोकांना साधारण त्याच प्रमाणात व्होल्ट लागतात, वर जोडांतल्या रोधासाठी थोडे जास्त. मी बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो आणि पेटलेल्या एलईडींवर मोजलं: गडद लालला 2.2 व्होल्ट, निळ्याला 3.1. पांढऱ्याला? तोही 3.1! आत निळाच स्फटिक असल्याचा हा पुरावा, तोही घरच्या मीटरवर. इतक्या वर्षांत हे किती वेळा मोजलं असेल, पण आकडा पडद्यावर आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पदार्थाच्या पोटातली पायरी आपण बोटभर तारांनी मोजतो आहोत!

लालसाठी अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरसचा स्फटिक लागतो, निळ्यासाठी इंडियम-गॅलियम नायट्राइड. डोळ्याला दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोनियाक यांनी 1962 मध्ये केला. झगझगीत निळा मात्र 1993 पर्यंत हाती आला नाही, कारण गॅलियम नायट्राइडचा निर्दोष थर वाढवणं महाकठीण. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं ते यासाठीच. निळ्याचं इतकं मोल का, हेही पूड सांगते. मोठी उडी घेतलेल्या निळ्या फोटॉनचं पूड छोट्या पिवळ्यात रूपांतर करते, उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. उलटं होत नाही. त्या पिवळ्या पुडीवर निळा एलईडी धरा, ती उजळते. लाल धरा, नुसती लाल दिसते, स्वतःचा पिवळा सोडत नाही. जॉर्ज स्टोक्स यांनी हा उताराचा नियम 1852 मध्येच मांडला होता.

आता जिलेटिन का हरलं ते उघड आहे. रंगीत कागद प्रकाशातून काढून घेतो, भर घालू शकत नाही. मुळात लाल नसलेल्या प्रकाशातून निळा-हिरवा काढला, तर उरतो अंधार.

म्हणून एलईडीच बदलले. प्लग काढून हूड, म्हणजे लाइट असलेलं टँकचं झाकण, खोललं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बारा पांढरे एलईडी एका माळेत होते, आणि ड्रायव्हरवर (माळेला ठरावीक प्रवाह देणारा डबा) 300 मिलीअँपिअर, 24 ते 42 व्होल्ट असं छापलेलं. बारा गुणिले 3.1 म्हणजे 37.2. त्यातले चार काढून गडद लाल लावले की आठ पांढऱ्यांचे 24.8 आणि चार लालचे 8.8, एकूण 33.6. आकडा ड्रायव्हरच्या मर्यादेत बसतो आणि प्रवाह तोच राहतो. 12 व्होल्टच्या स्वस्त पट्टीत मात्र सांभाळा. तिथे तीन एलईडी आणि एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा रोध, अशी जोडणी असते. तीन पांढरे 9.3 व्होल्ट खातात, रेझिस्टरवर 2.7 उरतात. तिथे तीन लाल लावले तर रेझिस्टरवर 5.4 येतात, म्हणजे प्रवाह दुप्पट, आणि लाल लवकरच जळतात. तिथे रेझिस्टरही दुप्पट ओहमचा घालावा लागतो.

अ‍ॅल्युमिनियम उष्णता झपाट्याने ओढून घेतं, त्यामुळे 25 वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळेना. 60 वॉटचं मागवलं. प्लस-मायनस उलटं झालं तर पूर्ण माळ बंद राहते, तेव्हा आधी मीटरने बघा. एलईडीखाली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पट्टीकडे नेणारा लेप, लावा, लाल एका कोपऱ्यात न लावता पांढऱ्यांच्या मधेमधे पेरा, नाहीतर वाळूवर लाल-निळे धब्बे नाचतात. आणि 230 व्होल्टशी पाण्याची गाठ पडू देऊ नका: ड्रायव्हर हूडच्या बाहेर, आणि वायरला सॉकेटच्या खाली झोळ, म्हणजे थेंब तिथूनच खाली गळतो.

लाल एलईडी मंद दिसतात म्हणून फसू नका. 660 नॅनोमीटरला आपल्या डोळ्याची संवेदना हिरव्याच्या तुलनेत जेमतेम सहा टक्के. वनस्पतीला तोच प्रकाश मेजवानी आहे, क्लोरोफिल-ए हे पानातलं हरितद्रव्य लालमध्ये तिथेच, 660 च्या आसपास प्रकाश शोषतं. पाणीही थोडा लाल खातं, फुटभरात दहाव्या हिश्शाहून जरा जास्त. समुद्रात दहा मीटर खाली तो जवळजवळ संपतो. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनची थरथर लालला शोषते. हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम आला की थरथर मंदावते, शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात सरकतं, आणि जड पाणी रंगहीन दिसतं. आमच्या फर्टिलायझरनगरला 1970 च्या दशकात जड पाण्याचा कारखाना उभा राहिला, तिथलं पाणी मला म्हणूनच कायम विलक्षण वाटत आलं आहे.

याच निमित्ताने बहिणीच्या शेजाऱ्यांशी जरा जोरात बोलावं लागलं. टँक ईशान्येलाच हवा, मासा मेला की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं, असं ते भाचीला सांगत होते. नव्या टँकमधला मासा बहुधा अमोनियाने मरतो, किंवा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने. संकट म्हणून हात जोडले की पुढचाही तसाच मरतो. खोक्यावर 'फुल स्पेक्ट्रम' छापून कुठला रंग किती याचा आलेख न देणाऱ्या लाइटवरही मी इतकाच रागावतो.

आता टेट्रा लाल दिसतात. भाचीला मात्र निळ्या पट्टीचं वेड लागलंय. त्या पट्टीतला निळा रंगद्रव्याचा नाही. पेशींत ग्वानिन या पदार्थाचे पातळ पत्रे थरावर थर रचलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर कुठला रंग परत फिरवायचा ते ठरवतं. अंधारात पत्रे जवळ येतात, पट्टी जांभळी होते. उजेडात लांब सरकतात, पट्टी हिरवट निळी होते. सकाळी लाइट लावायच्या आधी ती टँकसमोर जाऊन बसते, आणि पट्टी जांभळ्यावरून निळ्यावर येईपर्यंत तिचं दूध गार झालेलं असतं.