बारा मुलांच्या शाळेचा शंभर टक्के निकाल

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत हायस्कुलांच्या टक्केवारीच्या बातम्या येतात. शंभर टक्केवाल्यांचे कौतुक होते, बाकीच्यांची गावात चर्चा. मी मात्र टक्केवारीच्या आधी आता एकच आकडा शोधते: परीक्षेला बसली किती?

समजा, सत्तरी किंवा सांग्यातल्या एका सरकारी हायस्कुलात दहावीला १२ मुले आहेत आणि प्रत्येकाची पास होण्याची शक्यता १० पैकी ९ आहे. बाराच्या बारा पास होण्याची शक्यता काढायची तर ०.९ हा आकडा बारा वेळा गुणायचा. उत्तर येते ०.२८. शिक्षक तेच, शिकवणे तेच, तरी साधारण दर साडेतीन वर्षांनी ही शाळा शंभर टक्के निकाल लावणार. मडगावातल्या १५० मुलांच्या शाळेला हेच गणित लावले तर सगळी पास होण्याची शक्यता ७३ लाखांत एक इतकी उरते. उलट बाजूही पाहा. बारांपैकी तिघे अडखळले की निकाल ७५ टक्क्यांवर येतो, आणि तीन किंवा त्याहून जास्त मुले नापास होण्याचे वर्ष त्या लहान शाळेत सरासरी नऊ वर्षांतून एकदा निव्वळ योगायोगाने येते. त्या वर्षी गाव म्हणते, शाळा घसरली. शाळा होती तिथेच असते. मुलांची संख्या चौपट झाली तर हा हेलकावा निम्मा होतो, हे गणित गणितज्ञ अब्राहम द म्वाव्र यांनी अठराव्या शतकातच मांडून ठेवले आहे.

संख्येचा प्रश्न त्या मानाने सोपा. बाकावर कोण बसले आहे, हा खरा अवघड प्रश्न.

अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पथकाने सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा यांच्यापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो, असे त्यांना आढळले. शाळेमुळे काहीच फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ बऱ्याच जणांनी काढला, आणि तो चुकीचा आहे. शाळेचे काम मोजायचे तर मूल कुठून निघाले ते आधी माहीत हवे, एवढाच त्याचा अर्थ.

गोव्यात हे ‘कुठून’ फार गुंतागुंतीचे आहे. बहुतेक हायस्कुले अनुदानित खासगी संस्थांची. ज्या पालकांना निवड करता येते ते तिकडे वळतात. सरकारी हायस्कुलात उरतात ती रोजंदारीवरच्या घरांतली, काणकोणच्या वेळीप या आदिवासी समाजाच्या वस्तीवरची, झुआरीनगरला कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुले. त्यांच्यापैकी कितीतरी जण घरातले दहावीपर्यंत पोचणारे पहिलेच.

त्यात भाषा. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांत मराठी शाळाच जास्त. ती फार मोठी गोष्ट होती, आणि आजही या शाळांमुळेच कित्येक मुले वाचायला शिकतात. पण पाचवीपासून माध्यम बदलून इंग्रजी होते. घरी कोकणी, शाळेत मराठी, मग एकदम इंग्रजी. झुआरीनगरच्या मुलाच्या घरी तर कन्नड किंवा लमाणी. चौथीपर्यंत ‘अंश’ आणि ‘छेद’ शिकलेले मूल पाचवीत ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’समोर उभे राहते. अपूर्णांक त्याला येतो, प्रश्न कळत नाही.

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवले की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी तयारी साधारण दोन वर्षांत होते, पण त्या भाषेत अभ्यास करण्याइतकी तयारी व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. पाचवी ते दहावी, मोजा: सहा वर्षे. आणि कमिन्स यांचा आकडा आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांचा आहे. वाळपईजवळच्या गावात इंग्रजी वर्गाच्या दारातच थांबते. बोर्डाची परीक्षा या मुलांना भाषा हाताशी येऊ लागते नेमक्या त्याच वेळी गाठते.

आता दोन काल्पनिक शाळा घेऊ, दोन्हींत शंभर मुले. शहरातल्या शाळेत शिकलेल्या घरांतली ९० मुले, त्यांतली ८७ पास. घरातून पहिल्यांदाच शिकणारी १०, त्यांतली ७ पास. निकाल ९४ टक्के. गावातल्या शाळेत शिकलेल्या घरांतली २०, सगळी पास. पहिल्यांदा शिकणारी ८०, त्यांतली ६४ पास. निकाल ८४ टक्के. यादीत शहरातली शाळा दहा टक्क्यांनी वर. पण गट वेगळे करून पाहा: शिकलेल्या घरांतल्या मुलांत गावातली शाळा पुढे, पहिल्यांदा शिकणाऱ्यांतही ८० विरुद्ध ७०, तीच पुढे. दोन्ही गटांत सरस असलेली शाळा बेरजेत मागे पडते. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला होता.

शिवाय नववीतच गळालेली मुले टक्केवारीत दिसतच नाहीत. कच्च्या मुलाला दहावीपर्यंत सांभाळून आणणारी शाळा त्याची किंमत स्वतःच्या निकालात मोजते, हे मला सर्वांत जास्त लागते.

उपाय महागडा नाही. पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घ्यायची: एक इंग्रजी उतारा, अपूर्णांकांची चार गणिते. सोबत घरी कोणती भाषा बोलतात, आई किती शिकली, एवढी नोंद. मुलाचे नाव गुप्त ठेवून ती वही दहावीपर्यंत जपायची, आणि लहान शाळांची तीन-चार वर्षे एकत्र धरायची. मग गावातल्या त्या ८० मुलांपैकी ६४ कशी पोचली, हे शहरातल्या शाळेला तिच्याकडे जाऊन विचारता येईल.