गरोदरपण आणि स्तनपानातील आयोडीनची कमतरता

गरोदर बाई किंवा अंगावर पाजणारी आई हिच्या आहारात गरजेइतके आयोडीन नसले, तर तिच्या आणि बाळाच्या शरीरात थायरॉईडची संप्रेरके कमी पडू शकतात. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर या विषयाला एक जुना समज चिकटलेला आहे: समुद्र शेजारी, मिठागरे दारात, मग आयोडीन कमी कसे पडेल? पण खाडीचे पाणी उन्हात आटवून काढलेल्या मिठात आयोडीन नावापुरतेच उरते. लोणच्यात, खारवलेल्या मासळीत वापरले जाणारे खडे मीठ किंवा हल्ली आवडीने आणले जाणारे सैंधव यांच्यावर म्हणूनच भिस्त ठेवता येत नाही.

गरोदरपणात आईची थायरॉईड ग्रंथी सुमारे दीडपट काम करते, शिवाय लघवीवाटे आयोडीन जास्त बाहेर पडते. पहिल्या तिमाहीत बाळाची ग्रंथी संप्रेरके तयार करू शकत नाही. मेंदूची घडण सुरू असताना ते आईच्याच थायरॉक्सिनवर (थायरॉईडच्या मुख्य संप्रेरकावर) अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटना एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते, गरोदर व स्तनदा मातांसाठी २५०. बाळंतपणानंतरही गरज ओसरत नाही, कारण निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला आयोडीन त्या दुधातूनच मिळते.

तीव्र कमतरतेत गर्भपात, मृतजन्म, बाळाची मानसिक वाढ खुंटणे, बहिरेपण संभवते. आईला गलगंड होतो. सौम्य कमतरता मात्र जाणवतच नाही. टीएसएच (थायरॉईडच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणजे आयोडीन पुरेसे, असेही नव्हे. हा गैरसमज मुद्दाम दूर करायला हवा.

भारतात १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम (एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम) आयोडीन असावे लागते. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून जेमतेम ७५ मायक्रोग्रॅम. उरलेले दूध, दही, अंडी आणि कोळंबी, बोंबील अशा समुद्री मासळीतून यावे लागते. शाकाहारी घरात, त्यातही दूध न चालणाऱ्या बाईबाबत, डॉक्टरांशी हे स्पष्ट बोलून घ्यावे. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले असेल, तर प्रमाण घटवावे, पण घेतले जाईल ते मीठ आयोडीनयुक्तच असावे. मिठाची बरणी झाकणबंद, शेगडीपासून लांब ठेवावी; दमट हवेत आणि उष्णतेत आयोडीन उडून जाते. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत, कारण अतिरेकानेही आईची व बाळाची थायरॉईड बिघडते.