पट्टकादंबांची पावसाळी मोजणी

जुलैत उजनी धरणाच्या काठावर पट्टकादंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे पाहुणे हंस, शोधायला गेलात, तर एकही दिसणार नाही. हिवाळ्यात पाणी ओसरून उघड्या पडलेल्या ज्या गाळपेर जमिनीवर ते कोवळं गवत खुडत हिंडत होते, ती पाण्याखाली जाऊ लागलेली असते. पक्षी कधीच हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परतलेत. त्यांची मोजणी मात्र इथे अजून चालूच असते.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. पहाटे थवा उठला की दहा-दहाचे गठ्ठे धरून झटपट अंदाज करावा लागतो, आणि थवा मोठा असला की हा अंदाज बहुधा कमीच पडतो. म्हणून फोटो काढून ठेवायचे आणि पावसाळ्यात निवांत बसून एकेका पक्ष्यावर ठिपका देत मोजायचे. काठावरचा आकडा आणि फोटोतला आकडा शेजारी ठेवले, की आपली नजर किती चुकते ते कळतं.

मला त्याहून मोलाची वाटते ती डोक्यांची फेरी, म्हणजे त्याच फोटोंत डोकी पाहून पिल्लं वेगळी मोजणं. प्रौढ पक्ष्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे आडवे पट्टे असतात. त्या साली जन्मलेल्या पिल्लाला ते नसतात. टाळूवरून मानेकडे नुसती राखी-तपकिरी छटा उतरते. शंभरात पिल्लं किती, यावरून दूरच्या तळ्यांवर वीण कशी झाली याचा अंदाज येतो. ज्यांची मान गवतात आहे त्यांना सोडून द्यायचं. आणखी एक मेख आहे: पिल्लांसह फिरणारी हंसकुटुंबं बऱ्याचदा थव्याच्या कडेला चरतात. फोटो फक्त जवळच्या कडेचे असतील तर पिल्लं उगाच जास्त भरतात, म्हणून मधल्या भागाचेही फोटो हवेत.

आपण इथे फोटो मोजत असतो त्याच पावसाळी दिवसांत तिकडे उत्तरेत पट्टकादंबांची उड्डाणाची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. मंगोलियातले संशोधक नेमके तेव्हाच त्यांना जाळ्यात घेतात आणि मानेत अक्षरं-आकडे लिहिलेला हिरवा पट्टा घालतात. असे पट्टे कर्नाटकातल्या मागडी तलावापर्यंत वाचले गेलेत. फोटो मोठा करून पाहताना 8 की इंग्रजी बी, असा घोळ उरलाच तर ती जागा कोरी ठेवावी. चुकीचा वाचलेला क्रमांक भलत्याच पक्ष्याला उजनीवर आणून बसवतो.